'अमक्याची बायको': पहिल्या मतदार यादीतून वगळलेल्या २८ लाख नोंदी

पहिली सार्वत्रिक निवडणूक (१९५१-५२) झाली तेव्हा देशात मतदार ठरणाऱ्या स्त्रिया सुमारे ८ कोटी होत्या. त्यांतल्या जवळपास २८ लाख जणींची नोंद यादीतून काढून टाकावी लागली. त्या वयात बसत होत्या, नागरिक होत्या, त्याच गावात राहत होत्या. त्यांच्या घरावर क्रमांक पडला होता आणि यादी करणारा माणूस त्यांच्या दारात येऊनही गेला होता. अडचण एवढीच होती की नावाच्या रकान्यात नाव नव्हतं. तिथे 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहिलेलं होतं.

निवडणूक आयोगाने ठरवलं की ही नोंद चालणार नाही. मतदाराला स्वतःचं नाव हवं.

या प्रकरणाची हकिगत बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकली जाते: बायका लाजल्या, नावं सांगेनात, मत गमावून बसल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि काही वर्षं बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून गावातल्या एका भागाची मतदार यादी सांभाळली आहे. यादी कशी तयार होते, नाव कसं चढतं, कसं उडतं, हे दारोदार फिरून पाहिलेल्या माणसाला त्या दोन ओळी पटत नाहीत. लाजेचा वाटा होता, नाही असं नाही. पण २८ लाख नोंदी जायला लाजेपेक्षा बरंच काही लागतं.

यादी घटनेच्या आधीची

आपल्याकडे मतदार यादीचं काम घटना लागू होण्याच्या आधीच सुरू झालं, हे पुष्कळांना माहीत नसतं. घटना समितीच्या सचिवालयाने १९४८ सालापासूनच प्रांतांना आणि संस्थानांना कामाला लावलं होतं. २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत, हे तत्त्व मसुद्यात आलं होतं आणि त्यावर विसंबून घरांना क्रमांक देणं, घरोघर जाऊन नावं लिहिणं सुरू झालं. फाळणीची आग अजून विझलेली नव्हती. लाखो निर्वासित छावण्यांत होते. संस्थानं विलीन होत होती, जिल्ह्यांच्या हद्दी बदलत होत्या. अशा वेळी कुणीतरी पटवारी, कुणीतरी गुरुजी वही घेऊन दारात उभा राहत होता आणि विचारत होता, घरात एकवीस वर्षांवरची माणसं किती?

२५ जानेवारी १९५० रोजी निवडणूक आयोग अस्तित्वात आला आणि मार्चमध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. ते सनदी अधिकारी होते, पिंड गणितज्ञाचा. त्यांच्यापुढे आलेल्या कच्च्या याद्यांत ही गोष्ट ठळक दिसली. काही राज्यांत स्त्रियांची नोंद नावाने नव्हतीच, नात्याने होती. अशी जवळपास सगळी प्रकरणं पाच राज्यांतली होती: बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश (मध्य भारत आणि विंध्य प्रदेश ही तेव्हाची राज्यं पुढे मध्य प्रदेशात गेली).

आयोगाचा आदेश आला तो असा की नाव हा मतदाराच्या ओळखीचा अत्यावश्यक भाग आहे आणि पुरेसा तपशील दिल्याशिवाय कुणाचीही नोंद करू नये. आधी झालेल्या नोंदींत खरं नाव घालून घ्यावं, ते न मिळाल्यास नोंद वगळावी. बिहारला यासाठी एक महिन्याची खास मुदतवाढ दिली गेली आणि तिचा चांगला उपयोग झाला. पुष्कळ नोंदींत खरी नावं भरली गेली. राजस्थानातही तशीच मुदत दिली, तिथे प्रतिसाद फारच थोडा आला. शेवटी सर्व ठिकाणचं मिळून जे उरलं ते २८ लाखांच्या आसपास.

आकडा किती मोठा, हे एका हिशेबाने कळतं. त्या निवडणुकीत १७ कोटी ३२ लाख मतदार होते आणि लोकसभेच्या जागा ४८९. म्हणजे एका जागेमागे सरासरी साडेतीन लाख मतदार. २८ लाख म्हणजे आठ जागांमधले सगळेच्या सगळे मतदार, बाप्ये धरून. आणि हे देशभर विखुरलेले नव्हते, पाच राज्यांत एकवटलेले होते.

दोन गप्प बसणी

मराठी माणसाला हे ऐकलं की पहिल्यांदा उखाणा आठवतो. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घ्यायचंच झालं तर यमक जुळवून, चारचौघांत, सणासमारंभाला. पण १९५०च्या यादीत अडलं ते नवऱ्याच्या नावापाशी नव्हतं, तिच्या स्वतःच्या नावापाशी होतं. या दोन गप्प बसणी वेगळ्या आहेत आणि यादीच्या रकान्यात त्या एकाच वेळी आडव्या येतात. मतदाराच्या नोंदीत तिचं नाव लागतं आणि शेजारी बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लागतं. पहिलं परक्या पुरुषाला सांगायचं नाही, दुसरं तोंडाने उच्चारायचं नाही. म्हणजे दारात बाई एकटी असली तर तिची नोंद पुरी होणं रीतीप्रमाणे अशक्यच. कुणीतरी दुसऱ्याने बोलायला हवं. आणि तो दुसरा म्हणजे घरातला पुरुष. त्याच्या दृष्टीने 'आमच्या रामलालची बायको' एवढं सांगणं पुरेसं होतं. गावात सगळे तिला तसंच ओळखत होते.

उत्तरेकडच्या खेड्यांत सासरी आलेल्या मुलीला बरेचदा माहेरच्या गावावरून हाक मारतात. अमक्या गावाहून आली म्हणून ती अमकीवाली. मूल झालं की त्याची अम्मा. वीस-पंचवीस वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईचं मूळ नाव तिच्या शेजारणीलाही ठाऊक नसू शकतं. तिथे पटवाऱ्याला कोण सांगणार?

आपल्याकडे काय वेगळं होतं? नाव पुसण्यात आपणही कमी नाही. गृहप्रवेशाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव काढतो. लग्नाच्या दिवशी सुशीलाची माधुरी झालेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर, दहाव्याच्या दिवशी कळलं. तिचा भाचा तिला त्या नावाने रडत होता. तरीही मुंबई राज्य त्या पाच राज्यांत नव्हतं. मला वाटतं, याचं एक कारण आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे कागदावर बाईचं नाव तीन पदांनी लिहायची सवय जुनी: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. नवऱ्याचं नाव त्यात येतं, पण मधल्या घरात. पहिलं घर रिकामं ठेवता येत नाही. ते नाव सासरने ठेवलेलं का असेना, काहीतरी लिहावंच लागतं. यादीपुरतं एवढं पुरलं. मराठी बायका अधिक धीट होत्या, असा याचा अर्थ कुणी काढू नये.

सरकारनेच शिकवलेली रीत

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला थोडं मागे गेल्यावर सापडली, आणि तीच सहसा कुणी सांगत नाही. 'अमक्याची बायको' ही नोंद केवळ खेड्यातल्या रूढीतून आलेली नव्हती. त्याआधीच्या पंधरा वर्षांत सरकारी कायद्यानेच बायकोपणाला मतदाराची पात्रता ठरवलं होतं.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि मताधिकार मागितला. पाठोपाठ मताधिकार ठरवायला आलेल्या साउथबरो समितीने पडदा आणि चालीरीतींकडे बोट दाखवून तो नाकारला. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठान १९१९ साली थेट लंडनला गेल्या आणि तिथे दारोदार बाजू मांडत राहिल्या. शेवटी १९१९च्या कायद्याने निर्णय प्रांतांच्या कौन्सिलांवर सोडला. मद्रासने १९२१ साली स्त्रियांना मत दिलं, मुंबई इलाख्यानेही त्याच वर्षी दिलं. आमच्या पुण्याच्या रमाबाई रानडे त्या वेळी या कामात पुढे होत्या. पण मत मिळालं ते मालमत्तेच्या अटीवर, आणि बायकांच्या नावावर मालमत्ता होती कुठे? मूठभर जणी मतदार झाल्या.

मग १९३५चा कायदा आला. स्त्री-मतदारांची संख्या वाढवायची, पण सरसकट प्रौढ मताधिकार द्यायचा नाही, यातून लोथियन समितीच्या वेळी वाट काढली गेली. मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या पुरुषाच्या बायकोला किंवा विधवेला मत. म्हणजे शेतसारा भरणारा तो, पात्र तो, आणि त्याची बायको म्हणून ती. शिक्षणासारखे इतर मार्गही होते, पण मोठा मार्ग हाच. या कायद्याने सुमारे ६० लाख स्त्रिया मतदार झाल्या, पुरुष सुमारे २ कोटी ९० लाख.

ही अट त्या वेळच्या स्त्री-संघटनांना पटली नव्हती, हे इथे जोर देऊन सांगायला हवं. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलं, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. सुरुवात शिक्षणाच्या प्रश्नापासून झाली, पण पाच-सहा वर्षांत परिषद मताधिकाराच्या वादात पूर्ण उतरली. राजकुमारी अमृत कौर, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अली यांनी १९३३ साली लंडनला संसदीय समितीपुढे साक्ष दिली. संघटनांचं म्हणणं स्पष्ट होतं. बाईचं नागरिकत्व तिच्या लग्नावर टांगता कामा नये. द्यायचं तर सगळ्या प्रौढांना मत द्या, स्त्री म्हणून वेगळी सवलत आम्हाला नको. डॉ. आंबेडकरांनीही १९२८ साली सायमन कमिशनपुढे स्त्री-पुरुष सर्वांना प्रौढ मताधिकार मागितला होता. ऐकलं गेलं नाही. १९३७च्या निवडणुकीची यादी बायकोपणाच्या अटीवर तयार झाली.

आता १९४८ साली वही घेऊन दारात आलेल्या त्या पटवाऱ्याकडे पुन्हा पाहा. त्याने आधी पाहिलेली मतदार यादी १९३७ची किंवा १९४६ची. तिच्यात बाई यायची ती बहुधा कुणाची तरी बायको म्हणून. घरच्या पुरुषाने 'रामलालची बायको' म्हटलं, त्याने लिहून घेतलं, आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं. कायद्याच्या भाषेतच ती कालपर्यंत तशी होती. १९५० साली त्याच सरकारी यंत्रणेने वळून सांगितलं, ही ओळख चालणार नाही. बरोबर सांगितलं, पण तेरा वर्षांपूर्वी हीच ओळख तिच्या हाती देणारं सरकारच होतं, याची कुठे खूण उरली नाही. सगळा बोल आला तो तिच्या लाजेवर.

सेन यांचं चुकलं का?

या प्रश्नावर मी बराच काळ दोन्हीकडे झुकत आले आहे.

सेन यांच्या बाजूने म्हणण्यासारखं पुष्कळ आहे. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षापुढे बाई घुंगट घेऊन उभी राहणार आणि यादीत लिहिलेलं असणार 'रामलालची बायको'. हीच ती, हे ठरवायचं कशावरून? रामलालला दोन बायका असल्या तर? एका गावात तीन रामलाल असले तर? खोट्या मतदानाला दार सताड उघडं. आणि समजा आयोगाने डोळेझाक केली असती, तर पुढच्या दर निवडणुकीत तेच चालू राहिलं असतं. एकदा चाललं ते कायमचं चाललं, सरकारी कागदाचा हा नियम मी रोज बघते. पहिल्याच यादीत ठाम उभं राहिल्यामुळे पुढच्या याद्यांत बाईचं नाव येणं ही अट झाली. त्या अटीमुळे कितीतरी घरांत सुनेचं नाव पहिल्यांदा परक्या माणसापुढे उच्चारलं गेलं असेल. हे लहान काम नव्हे. मतदार यादी हा असा कागद, ज्यात झोपडीतल्या बाईची नोंद जमीनदाराच्या नोंदीसारखीच, त्याच रकान्यात, एका ओळीची होती. ती ओळ तिच्या नावाची असावी हा आग्रह मला मनापासून पटतो.

पण त्याच आयोगाने त्याच निवडणुकीत बाकीच्या अडचणींचं काय केलं, ते पाहा. १९५१च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, स्त्रियांमध्ये ९ टक्क्यांच्याही आत. लोकांना वाचता येत नाही म्हणून आयोगाने त्यांना मतदानापासून दूर ठेवलं नाही. प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी दिली, पेटीवर चिन्ह चिकटवलं आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची, एवढंच ठेवलं. बैलजोडी कुणाची आणि झोपडी कुणाची, हे अक्षर न ओळखता कळतं. त्यासाठी लाखो लोखंडी पेट्या बनवल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळशा आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई आणली. बायका पुरुषांच्या रांगेत उभ्या राहणार नाहीत म्हणून सुमारे साडेसत्तावीस हजार बूथ फक्त स्त्रियांसाठी राखले, आणि तिथे शक्य तिथे स्त्री कर्मचारी नेमल्या.

निरक्षरता, तोतयेगिरी, पडदा, प्रत्येक अडचणीवर राज्ययंत्रणेने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या डोक्याने उपाय शोधला. वाचायला शिकून या, मग मत देऊ, असं कुणी म्हटलं नाही. नावाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हटलं गेलं. नाव सांगा, नाहीतर नोंद जाईल.

मतदानाच्या दिवशी स्त्री कर्मचारी बसवायचं सुचलं, तर यादी करताना घराच्या मागच्या दारी बाई पाठवणं अशक्य होतं, असं मला वाटत नाही. शिकलेल्या बायका थोड्या होत्या, खरं. पण सुईणी होत्या, शाळांतल्या बाई होत्या, सेवादलातल्या, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या बायका गावोगावी होत्या. पडद्यातल्या बाईचं नाव दुसऱ्या बाईला पाच मिनिटांत कळतं. याला पुरावा बिहारचाच आहे. तिथल्या बायका काही राजस्थानातल्या बायकांहून कमी पडदानशीन नव्हत्या. एक महिना मिळाला, त्या महिन्याचा नीट उपयोग केला गेला आणि नावं आली. म्हणजे नावं सांगता येण्यासारखी होती. विचारणारा, वेळ आणि रीत, या तीन गोष्टी बदलल्या की लाज बरीच मागे हटते. राजस्थानात मुदत मिळूनही नावं आली नाहीत, यावरून तिथल्या बायकांना मत नको होतं असा निष्कर्ष काढणं म्हणजे दाराबाहेरून ओट्यावरच्या पुरुषाला विचारून आतल्या बाईचं उत्तर लिहून घेण्यासारखं आहे.

म्हणून माझं मत हे की नियम योग्य होता, त्याची किंमत चुकीच्या माणसाकडून वसूल झाली. नोंद अपुरी लिहिली ती प्रगणकाने, सांगितली ती घरच्या पुरुषाने. कटलं ते तिचं. त्या दोघांची नावं यादीत शाबूत राहिली.

आणि यात एक गोष्ट कायमची हातची गेली. यादीतून कटलेल्या माणसाचा शोध एरवी जुन्या यादीवरून घेता येतो. या २८ लाख जणींचा घेता येत नाही. काढलेल्या नोंदीतही त्यांचं नाव नव्हतंच.

ओट्यावर

माझ्या भागात एकदा पावसाळ्यानंतर यादी पडताळणीला गेले होते. एका घरी ओट्यावर आजोबा बसले होते. घरात मतदार किती, विचारलं. त्यांनी तिन्ही मुलांची नावं जन्मतारखेसकट सांगितली, एक मुलगा पुण्याला असतो हेही सांगितलं. सुनांपाशी आल्यावर अडले. आत तोंड करून म्हणाले, "थोरलीचं कागदावर काय हाय गं?" आतून सासूबाई म्हणाल्या, "आपण मंगल म्हणतो, पण आधारवर निराळं हाय. तिलाच म्हायती." थोरली सून माझ्यापासून दोन हातांवर चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही. त्या दोन-तीन मिनिटांत मीही विचारलं नव्हतं. मी बाई, शिकलेली, हातात यादी. तरी माझी नजर ओट्यावरच होती.

मग तिच्याजवळ जाऊन बसले. हात पिठाचे तसेच ठेवून तिनं सांगितलं की शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरी दुसरं, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर शाळेचं. मतदार यादीत ती अजून माहेरच्या गावात होती, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी. मतदानाच्या दिवशी काय करता, विचारलं, तर म्हणाली, "यष्टीला शंभर रुपये लागतात. आणि ह्ये म्हणत्यात एका मतानं काय हुतंय." एकाही निवडणुकीला ती गेली नव्हती. तिचं नाव यादीत होतं, बरोबर लिहिलेलं होतं, आयोगाच्या सगळ्या अटी पाळून. फक्त ती जिथे राहते तिथे नव्हतं.

माझ्या यादीभागात लग्न होऊन आलेल्या बायकांपैकी किती जणींची ही गत आहे, हे त्या वर्षी मी वहीत मांडत गेले आणि वही भरत गेली. मुलगा त्याच घरी जन्मतो, त्याच घरी अठराचा होतो, नव्या नोंदणीचा फॉर्म ६ भरला की त्याचं काम जन्मभरासाठी झालं. मुलीला एकदा माहेरी नाव चढवावं लागतं, मग पत्ता बदलाचा फॉर्म ८ भरावा लागतो, त्याला सासरचा पुरावा लागतो, तो पुरावा सासरच्यांकडे असतो. मधल्या काळात माहेरचा बीएलओ 'लग्न होऊन गेली' म्हणून नाव वगळायला काढतो. तिकडे उडतं, इकडे चढत नाही. १९५१च्या आणि आताच्या गोष्टीत पुष्कळ फरक आहे, पण बाईची नोंद दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून असणं तेवढं तसंच राहिलं आहे.

फरकही सांगितला पाहिजे. १९६२च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचं मतदान ६३ टक्क्यांच्या वर होतं आणि स्त्रियांचं ४७ टक्क्यांच्याही आत. २०१९ साली स्त्रियांची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली. सतरा टक्क्यांची दरी बुजायला सत्तावन्न वर्षं लागली. पण ही टक्केवारी यादीत नाव असलेल्यांची असते. यादीबाहेर राहिलेली बाई त्या गणितात येतच नाही, जशा त्या २८ लाख जणी १९५२च्या गणितात आल्या नाहीत. त्या निवडणुकीत आपल्या भागातून नागपूरहून अनसूयाबाई काळे, पुण्याहून इंदिराबाई मायदेव आणि मुंबई उपनगरातून जयश्री रायजी लोकसभेवर गेल्या, याचा अभिमान मला आहेच. पण निवडून जाणारीची गोष्ट आपण जितक्या आवडीने सांगतो, तितकी यादीतल्या ओळीची सांगत नाही.

नावाच्या बाबतीत महाराष्ट्राने अलीकडे एक चांगलं पाऊल टाकलं. मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव असं लिहायचा निर्णय २०२४ साली झाला. माझ्या वर्गातल्या पोरांना हजेरीत आईचं नाव वाचलेलं फार आवडतं. एक पोरगं घरी जाऊन आईला तिचं खरं नाव विचारून आलं होतं, कारण त्याला ती 'आई'च माहीत.

त्या ओट्यावरच्या घरानंतर मी कामाची पद्धत बदलली. सकाळी अकरानंतर आणि दुपारी तीनच्या आत जायचं, बाप्ये रानात असतात तेव्हा. पहिला प्रश्न घरात दिसेल त्या बाईला, तिच्या स्वतःच्या नावाचा. कागदावर काय, सासरी काय, माहेरी काय, तिन्ही नावं वहीत शेजारीशेजारी. नवऱ्याचं नाव ती घेत नसेल तर आधारवरून बघायचं, तिला त्यासाठी ताटकळत ठेवायचं नाही. माहेरचा यादी भाग आणि अनुक्रमांक फोनवर तिथेच शोधायचा. फॉर्म ८ तिच्यासमोर भरायचा आणि सही तिच्याकडूनच घ्यायची, अंगठा असला तर अंगठा. एका घराला वीस मिनिटं लागतात. वरून सांगितलं जातं, एका दिवसात पन्नास घरं करा. नाही होत. मी पंधरा करते आणि संध्याकाळी कमी आकडा कळवते.

मंगलचं नाव त्या दिवाळीनंतरच्या यादीत आमच्या भागात आलं. कागदावर ते मंगल नाही, तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे तेच आहे. मी यादी घेऊन गेले तेव्हा आजोबांनी चष्मा लावून ओळीवर बोट फिरवलं आणि आत तोंड करून तिला त्या नावाने हाक मारली.